साडेबारा वर्षांची झाली, पाळी अजून नाही

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही देवगडचे. लेक सातवीत, वर्गातल्या बऱ्याच जणींची पाळी आली, हिची नाही. वर्षभर छाती दुखते म्हणते, युनिफॉर्मपण घट्ट झालाय. सासूबाई आंबे खाऊ देत नाहीत, उष्ण पडतात म्हणून. काय करू?

उत्तर : अहो, आधी घाबरू नका. वयात येण्याचं घड्याळ पोटात नाही, मेंदूत असतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बारीकसा भाग आहे, तिथल्या काही पेशी किसपेप्टिन नावाचं रसायन सोडतात, ते बाजूच्या पेशींना जागं करतं आणि मग जीएनआरएच हे हार्मोन थांबून थांबून, लाटांसारखं, सुरुवातीला तर रात्री झोपेतच सुटायला लागतं, त्याने मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी कामाला लागते आणि तिची हार्मोन्स ओव्हरीला, म्हणजे अंडाशयाला, जागं करतात. किसपेप्टिनचा निरोप पेशीत पोचवणाऱ्या रिसेप्टरचा जीन बिघडला तर वयात येणंच अडतं, हे 2003 मध्ये कळलं. केवढासा निरोप, पण सगळं त्याच्यावर! अंगात पुरेशी चरबी आहे हे लेप्टिन नावाचं, चरबीतूनच सुटणारं हार्मोन मेंदूला कळवतं, म्हणून फार बारीक मुलींना उशीर होऊ शकतो.

तुमच्या लेकीचं घड्याळ चालू झालंय, छाती वाढायला लागली की साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. पंधरापर्यंत नाहीच आली तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि आंबे खाऊ द्या हो तिला, देवगडात राहून हापूस बंद म्हणजे काय!