जुन्या घरातली फायरप्लेस: आधी चिमणी, मग स्टोव्ह

इंग्लंडमध्ये जुनी घरं घेतलेल्या मराठी कुटुंबांची पत्रं थंडीची चाहूल लागली की येऊ लागतात. त्यातले नेहमी विचारले जाणारे प्रश्न आज घेतले आहेत. शेवटचं पत्र मात्र पाचगणीचं आहे.

आम्ही लीड्समध्ये १८९०च्या सुमाराचं टेरेस घर (ओळीतलं, शेजाऱ्यांशी भिंत सामाईक असलेलं) घेतलंय. हॉलमधली फायरप्लेस विटांनी बुजवून पुढे गॅस फायर लावलेली आहे. तिथे वूड बर्नर (लाकडावर चालणारा, दार असलेला स्टोव्ह) बसवता येईल का?

बहुतेक घरांत येतो. पण स्टोव्हच्या दुकानात जाण्याआधी चिमणी तपासून घ्या. स्टोव्ह कितीही महागाचा घेतला तरी तो चालणार चिमणीच्या जोरावर.

गॅस फायर काढून पाइप बंद करण्याचं काम गॅस सेफ (गॅसची कामं करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. मग विटा काढा. आत काजळी, पडलेला चुना आणि घरट्यांच्या काड्या ढिगाने निघतात, तेव्हा खोली आधी रिकामी करा. करड्या रंगाचा जुना तक्ता किंवा दोरी दिसली, तर हात न लावता माहीतगाराकडून तपासून घ्या. ॲस्बेस्टॉसवर (आगीला न जुमानणारे, पण फुप्फुसांना घातक तंतू) ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये, त्यामुळे जुन्या फायरप्लेसमागे ते सापडू शकतं.

त्यानंतर चिमणी झाडून धुराची चाचणी करून घ्या. खाली धुराची गोळी पेटवतात, धूर वरून निघू लागला की वरचं तोंड बंद करतात आणि घरभर फिरून कुठे धूर झिरपतोय का ते बघतात. तुमची वरची बेडरूम आणि माळा बघाच, पण शेजाऱ्यांचं दारही वाजवा. टेरेस घरांत दोन्ही घरांचे धुराचे मार्ग सामाईक भिंतीत एकमेकांना लागून जातात, मधे जेमतेम एका विटेचा पडदा असतो. शंभर वर्षांच्या कोळशाच्या धुराने त्यातला चुना खाल्लेला असतो. तुमच्या स्टोव्हचा कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे वास नसलेला विषारी वायू, शेजारच्या मुलांच्या खोलीत पोचू शकतो. म्हणून ही चाचणी टाळायची नाही. माळ्यावर चढलाच आहात, तर चिमणीचा बांध (खोलीत पुढे आलेलं तिचं विटांचं बांधकाम) वरपर्यंत शाबूत आहे ना, तेही पाहा. आधीच्या मालकाने मधल्या मजल्यावरचा बांध काढून वरचं ओझं तसंच ठेवल्याची घरं मी पाहिली आहेत.

अशा घरांत मी स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे चिमणीच्या आतून जाणारी नळी, वरपासून खालपर्यंत टाकायलाच सांगतो. नुसती लाकडं जाळणार असाल तर ३१६ ग्रेडचं स्टील चालतं. धूररहित कोळसाही जाळायचा असेल तर ९०४ घ्या. आणि ज्या खोलीत स्टोव्ह, त्याच खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. छतावर लावलात तर भिंतीपासून किमान ३०० मिमी दूर, आणि स्टोव्हपासून आडवं अंतर १ ते ३ मीटरच्या मधे.

खोली ४ बाय ४.२ मीटर, उंची २.७ मीटर. दुकानदार ८ किलोवॉटचा स्टोव्ह घ्या म्हणतो. घ्यावा का?

नको. लांबी, रुंदी, उंची गुणून घनमीटर काढा आणि १४ ने भागा, किती किलोवॉट लागतील त्याचा अंदाज मिळतो. तुमचं उत्तर साधारण सव्वातीन येतं. भिंती गार आणि खिडक्या जुन्या असतील असं धरलं तरी ५ किलोवॉट पुरे.

मोठा स्टोव्ह घेतला की तासाभरात खोली तापते, मग माणूस हवा कमी करून आग धुमसत ठेवतो. धुमसत्या लाकडाचा डांबरासारखा थर लायनरला आतून चिकटतो, काच काळी पडते आणि एखाद्या रात्री तो थरच पेट घेतो. चिमणीला आग लागते ती बहुतेक अशी. शिवाय ५ किलोवॉटच्या वर गेलात की जुन्या घरातही भिंतीत कायम उघडी हवेची जाळी ठेवावी लागते, वरच्या प्रत्येक किलोवॉटला ५५० चौरस मिमी. म्हणजे खोली तापवायला घेतलेल्या स्टोव्हसाठी भिंतीत गार वाऱ्याला वाट करून द्यायची.

बेडरूममध्ये बिडाची छोटी फायरप्लेस आहे, रंगाचे किती थर आहेत देव जाणे. खालच्या हॉलमधली चौकट काळ्या संगमरवराची वाटते. दोन्ही मूळ रूपात आणायच्या आहेत.

बिडाचं काम वेळखाऊ आहे, पण हातांना समाधान देणारं आहे. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासू नका आणि हीट गनही वापरू नका. रंग काढायची पेस्ट जाड लावा, वर प्लास्टिक घाला आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी लाकडी पट्टीने ओढलं की थर सालीसारखे सुटतात. क्रीम, त्याखाली हिरवा, त्याखाली तपकिरी, आणि मग एकदम फुलापानांची नक्षी धारदार दिसू लागते. कोपऱ्यांना जुना टूथब्रश लागतो. पाण्याने धुतलंत तर लगेच पुसून कोरडं करा, बीड बघता बघता गंजतं. शेवटी काळं ग्रेट पॉलिश (बिडाच्या शेगडीला लावायचं) लावून मऊ ब्रशने चमकवा. मुलांना आणि गरोदर बाईला या कामाच्या आसपास येऊ देऊ नका.

खालच्या चौकटीबद्दल मात्र थांबा. व्हिक्टोरियन काळात पाटीच्या दगडावर रंगाचं काम करून त्याला संगमरवराचं रूप देत असत. तुमची चौकट तशी असेल, तर तो ‘रंग’ हेच मूळ काम आहे आणि पेस्ट लावलीत तर ते कायमचं जाईल. मागची, न रंगवलेली कड बघा. सपाट करडा दगड दिसला तर ओल्या फडक्यापलीकडे काही वापरू नका. खरा संगमरवर निघाला तरी लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड अजिबात नको. आणि घर लिस्टेड (सरकारच्या वारसा यादीत) असेल, तर फायरप्लेस हलवण्याआधी कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची परवानगी घ्यावी लागते.

सासूबाईंना दमा आहे. नवे स्टोव्ह ‘स्वच्छ’ असतात म्हणतात. बसवावा का?

नाही. १ जानेवारी २०२२ पासून विकले जाणारे नवे स्टोव्ह जुन्यांपेक्षा खूपच कमी धूर करतात हे खरं. पण दार उघडून लाकूड घालताना सूक्ष्म कण खोलीत येतातच. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर धुरकं बसलं, हजारो माणसं दगावली आणि त्यातून १९५६ चा क्लीन एअर कायदा आला. धुराची किंमत या देशाने मोजलेली आहे. फायरप्लेस नुसती शोभेची ठेवा. चिमणीवर पाऊस अडवणारी, पण हवा खेळू देणारी टोपी बसवा. ठार बंद केलीत तर भिंतीला ओल येते.

स्टोव्ह मी स्वतः बसवला तर?

इंग्लंड-वेल्समध्ये चालतं, पण काम सुरू करण्याआधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला (बांधकाम तपासणाऱ्या विभागाला) कळवून नंतर तपासणी करून घ्यावी लागते. हेटासचा (लाकूड-कोळशाचे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी ठेवणारी संस्था) नोंदणीकृत माणूस आपल्या कामाचं प्रमाणपत्र स्वतः देतो. घर विकताना वकील पहिल्यांदा तेच मागतो. मी माणूस लावीन.

पाचगणीच्या आमच्या ब्रिटिशकालीन बंगल्यात फायरप्लेस आहे. पेटवली की धूर सगळा खोलीत. तोंड ३ फूट रुंद, अडीच फूट उंच, आतला मार्ग ९ बाय ९ इंच. चिमणी साफ केली आहे.

तुम्ही मापं दिलीत हे फार बरं केलंत, कारण दोष मापातच आहे. उघड्या फायरप्लेसला धुराच्या मार्गाचं क्षेत्रफळ तोंडाच्या साधारण १५ टक्के लागतं. तुमचं तोंड १०८० चौरस इंच, म्हणजे मार्ग १६२ हवा, आणि आहे ८१, बरोबर निम्मा. चिमणी आता रुंद करता येणार नाही, तोंड लहान करता येईल. २७ बाय २० इंच केलंत की हिशेब जुळतो. गवंडी बोलावण्याआधी पत्र्याच्या पट्ट्या बाजूंना आणि वरून आडव्या धरून आग पेटवून बघा. पट्टी हळूहळू खाली आणा, धूर आत ओढला जाऊ लागतो ती जागा खडूने आखा आणि तेवढंच बांधकाम करा.

चिमणीशेजारचे सिल्व्हर ओक तिच्यापेक्षा उंच असतील, तर वारा त्यांच्यावरून खाली कोसळतो आणि धूर मागे लोटतो. झाडाला हात लावू नका. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. त्याऐवजी चिमणीवर वाऱ्याला अडवणारी टोपी बसवा. लाकूड मात्र पावसाळ्यात भिजलेलं नको. फोडून, छपराखाली, जमिनीपासून उचलून किमान वर्षभर ठेवलेलं हवं. टोपी बसवण्याचं आणि वरच्या सांध्यांत चुना भरण्याचं काम होळी झाली की काढा, म्हणजे मृग लागायच्या आत चुना नीट वाळेल.