१३ वर्षांच्या मुलाला 'सिंग स्ट्रीट' दाखवू का?

प्रश्न: ताई, माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, गिटार शिकतोय. क्लासमधल्या मोठ्या मुलांनी त्याला 'सिंग स्ट्रीट' हा सिनेमा बघच म्हणून सांगितलंय, तेव्हापासून मागे लागलाय. अमेरिकेत त्याला पीजी-१३ सर्टिफिकेट आहे असं वाचलं, म्हणजे नक्की काय समजायचं? धाकटी मुलगी १० वर्षांची आहे, ती पण शेजारी येऊन बसणारच.
– एक आई, नाशिक

उत्तर: मुलाला जरूर दाखवा, पण पहिल्यांदा बघताना तुम्ही सोबत बसा. धाकटीला मात्र अजून दोन-तीन वर्षं थांबू दे. पीजी-१३ म्हणजे बंदी नाही, यातला काही भाग १३ पेक्षा लहान मुलांना झेपणार नाही, आईवडिलांनी बघून ठरवावं, एवढाच त्याचा अर्थ.

२०१६ चा, दिग्दर्शक जॉन कार्नीचा सिनेमा आहे, गोष्ट १९८५ च्या, आयर्लंडमधल्या डब्लिन शहरातली. घरी पैशांची ओढाताण म्हणून कॉनर नावाच्या मुलाला साध्या शाळेत घालतात, तिथे राफिना नावाची एक मुलगी आवडते म्हणून तो सरळ थाप मारतो की माझा बँड आहे, आणि मग खरंच बँड काढावा लागतो! पोरं एकत्र बसून गाणं बांधतात ते बघून तुमचा लेक त्याच रात्री गिटार काढून बसेल बघा.

आता काळजीचं. शिव्या आहेत, पोरं सिगरेट ओढतात, शाळेत दादागिरी आहे, आणि मुख्याध्यापक असलेले ब्रदर (ख्रिस्ती धर्मसेवक) कॉनरच्या चेहऱ्यावरचा मेकअप जबरदस्तीने बेसिनमध्ये धुतात तो सीन अंगावर येतो. पण खरं सांगू का, शिव्या मुलांनी शाळेत ऐकलेल्याच असतात, मला जास्त काळजी वाटते ती राफिनाबद्दल. ती वडिलांविषयी दोन-चार वाक्यंच बोलते, त्यामागे अत्याचार आहे हे मोठ्यांना लगेच कळतं आणि मुलाच्या डोक्यावरून जातं किंवा अर्धवट कळून मनात राहतं, जे जास्त वाईट. तिथे सिनेमा थांबवू नका, पण नंतर 'तुला काय वाटलं, ती काय सांगत होती?' एवढं विचारा नक्की.

कॉनरच्या आईवडिलांची भांडणं आणि वेगळं होणंही आहे. तेव्हा आयर्लंडमध्ये घटस्फोटाला घटनेनेच बंदी होती, ती १९९५ च्या सार्वमताने उठली, हे आधी सांगितलंत तर ती भांडणं त्याला नीट कळतील.

आणि कॉनरचा मोठा भाऊ ब्रेंडन! कॉलेज सोडून घरात बसलेला, गांजा ओढणारा, पण धाकट्याला गाणी ऐकायला शिकवणारा तोच. पुढे एकदा तो भडकतो, मी आधी वाट काढली म्हणून तुला सोपं गेलं, असं काहीसं बोलतो, मला तरी अख्ख्या सिनेमात तोच सीन सगळ्यात खरा वाटला, नशा करून त्याचं काय झालंय ते कुणी भाषण न देता दिसतं.

शेवटी कॉनर आणि राफिना छोट्या बोटीतून समुद्र ओलांडून इंग्लंडला निघतात. मुलाला ते भारीच वाटणार, वाटू दे. फक्त दुसऱ्या दिवशी जेवताना सहज विचारा, तिकडे पोचल्यावर ते राहिले कुठे असतील रे?