मलिक अंबर आणि आकाश यांचा काडीचाही संबंध नाही

प्रश्न आलाय तो असा : "मलिक अंबर निजामशाहीचा 'पेशवा' होता असं वाचलं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हबशी सेनापती पेशवा कसा होईल? तिथे 'वजीर' हवं होतं ना? आणि 'मलिकांबर' हा संधी बरोबर आहे का?"

पहिल्या भागाचं उत्तर एका ओळीचं. पेशवा हे पद आहे, आडनाव नाही आणि पुण्याची मक्तेदारी तर मुळीच नाही. बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळाली 1713 साली. अंबर मेला 1626 साली. फारसीत 'पेश' म्हणजे पुढे. पेशगी, पेशकार, कोर्टातली पेशी ही सगळी त्याच घरातली मंडळी, आणि पेशवा म्हणजे पुढे चालणारा, म्होरक्या. गंमत अशी की अंबरला दख्खनमध्ये विकत घेणारा चंगीझखान हासुद्धा हबशी, एकेकाळचा गुलाम, आणि त्या वेळचा निजामशाहीचा पेशवाच! म्हणजे तुम्हाला जे अशक्य वाटतंय ते अंबरच्या आधीच एकदा घडून गेलेलं होतं.

आता संधीकडे वळतो, कारण खरी चीड तिथे आहे. खुलताबादेत अंबरच्या कबरीसमोर एक मार्गदर्शक सहलीच्या घोळक्याला सांगत होता, "अंबर म्हणजे आकाश. मलिक अंबर म्हणजे आकाशाचा मालक." लोक माना डोलावत होते, एक बाई वहीत लिहून घेत होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोनं दंड धरला. तेव्हा जे गिळलं ते आता इथे ओकतो. दिगंबर, पीतांबर, चिदंबर यांच्या पंगतीत मलिकांबराला बसवू नका. ते अंबर संस्कृत, वस्त्र किंवा आकाश. हा अंबर अरबी. मूळ शब्द 'अन्बर', पण ब समोर आला की न् चा म् होतो, आपल्या 'संबंध'मधल्या अनुस्वाराचं होतं तसंच. अर्थ? रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या बातम्यांत दर काही महिन्यांनी 'व्हेल माशाची उलटी जप्त' असं छापून येतं ना, ती! देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा, समुद्रावर तरंगत किनाऱ्याला लागणारा, अत्तरवाल्यांना वेड लावणारा तो करडा-काळा गोळा म्हणजे अंबर. (राळेच्या पिवळ्या खड्याला इंग्रज अँबर म्हणतात तेही याच शब्दावरून. दोन्ही वस्तू किनाऱ्यावर सापडायच्या, युरोपात नाव एकीचं दुसरीला चिकटलं.)

तर निजामशाहीच्या पेशव्याचं नाव चक्क एका सुगंधी द्रव्याचं. का? त्याचं जन्मनाव हे नव्हतंच. इथिओपियात साधारण 1548 साली जन्मलेल्या या मुलाचं नाव चापू. येमेनमधल्या मोखा बंदराच्या बाजारात तो वीस डुकाटांना, म्हणजे वीस सोन्याच्या नाण्यांना, विकला गेला असं डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुकनं लिहून ठेवलंय, आणि हा डच माणूस 1617 साली अंबरला प्रत्यक्ष भेटलेला. पुढे बगदादच्या मीर कासिम नावाच्या धन्यानं त्याला शिकवलं, मुसलमान केलं आणि 'अंबर' हे नाव दिलं.

एकदा हे ध्यानात आलं की इतिहासाच्या पुस्तकातली इतर हबशांची, म्हणजेच सिद्दींची, नावं एकेक करून उलगडायला लागतात. 1660 साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर : जौहर म्हणजे रत्न, त्याचंच अरबी अनेकवचन आपलं जवाहीर. (राजपुतांचा जौहर निराळा, तो इथे आणू नका.) जंजिऱ्याचा सिद्दी याकूत : याकूत म्हणजे माणिक. सिद्दी संबूळ : माझ्या मते हा 'सुंबुल', म्हणजे जटामांसीसारखी सुवासिक वनस्पती, गोंधळ्याच्या संबळाशी त्याचं नातं जोडणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. विजापूरचा मलिक रैहान : रैहान म्हणजे सब्जा-तुळशीच्या जातीचं सुगंधी रोप. हे नाव ऐकून मला दरवेळी फालुदा आठवतो, त्याला इलाज नाही.

काही विद्वान म्हणतात, ही नावं म्हणजे मालकांची थट्टा. काळ्या माणसाला 'काफूर', म्हणजे पांढराशुभ्र कापूर म्हणायचं आणि हसायचं. दहाव्या शतकात इजिप्तचा कारभार हाकणारा आफ्रिकी काफूर हे त्यांचं लाडकं उदाहरण. पण मग देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर? तो खंबायतहून पकडून नेलेला, आफ्रिकेचा नव्हेच. आणि माणिक, रत्न, सब्जा यांत थट्टा कुठे सापडली? मला वाटतं गोष्ट जास्त साधी आणि जास्त वाईट आहे. अंबर, कस्तुरी, कापूर, माणकं ज्या जहाजांतून यायची त्याच जहाजांतून ही मुलं यायची, त्याच व्यापाऱ्याच्या वहीत. नग मौल्यवान, म्हणून नाव मौल्यवान मालाचं. हे कुठल्याही कोशात मिळणार नाही, माझं आहे. पण नावांची यादी करून बघा आणि मग भांडायला या.

आता 'मलिक'. ही पदवी विजापूरच्या चाकरीत मिळालेली. अरबीत म-ल-क या धातूपासून मलिक म्हणजे राजा, सरदार. मालिक म्हणजे धनी, आपला 'मालक'. आणि ममलूक म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्याची मालकी आहे तो, गुलाम. तीच तीन अक्षरं! ममलूक म्हणून निघालेला माणूस मलिक होऊन बसला. 1595 च्या सुमारास दीडशे स्वार घेऊन निजामशाहीत परतला. 1600 साली अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला, त्याला स्वतःची मुलगी दिली आणि स्वतः पेशवा झाला. 1610 साली खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरीही त्याचीच. जहांगीरला तर त्यानं इतकं छळलं की बादशहानं अंबरच्या भाल्यावर टांगलेल्या मुंडक्यावर बाण सोडतानाचं स्वतःचं चित्र काढून घेतलं. मुंडकं चित्रातच मिळालं. अंबरनं त्यानंतरही, 1624 साली, भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र बडवल्या आणि मग दोन वर्षांनी बिछान्यात मेला.

आणखी एक, विचारलं नसलं तरी. 'सिद्धी जौहर' लिहू नका. फलकांवर, व्याख्यानांच्या पत्रिकांवर सगळीकडे तो ध घुसलाय. सिद्दी हा 'सय्यिदी'वरून, म्हणजे 'माझे स्वामी'. स्पेनचा मध्ययुगीन वीर एल सिद, त्याचं नावही तेच. जुन्या मराठीत लोक सरळ 'शिद्दी' म्हणायचे, ते शतपटीनं बरं. योगसिद्धीशी याचा संबंध लावणारे एक प्राध्यापक मला भेटलेत. चहा अर्धा टाकून उठलो.

हां, वजीर की पेशवा. पेशवा लिहा. आणि संधी तोडा : मलिक, मग मोकळी जागा, मग अंबर.