पॉवरवर घेतलेलं घर

या वेळी घरखरेदीची पत्रं जास्त आलीत. पहिल्या पत्रालाच बरीच जागा जाणार आहे, बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

नेरूळला सिडकोच्या जुन्या वसाहतीत घर पसंत पडलंय. विकणाऱ्या काकांनी ते १९९६ साली मूळ मालकाकडून ‘पॉवरवर’, म्हणजे मुखत्यारपत्रावर घेतलं. तेव्हापासून तेच राहतात, लाइट बिल त्यांच्या नावावर आहे. एजंट म्हणतो, इथे सगळे व्यवहार असेच होतात. घ्यावं का? आणि जमिनीचा पट्टा (लीज) ६० वर्षांचा आहे म्हणे, नंतर घर सिडकोचं होणार का?
– एक वाचक, नेरूळ

एजंट अगदीच खोटं बोलत नाही. माझ्या वाशीच्या ऑफिसात अशा कागदांची पिशवी महिन्यातून एकदा तरी येतेच. बहुतेक वेळा साडीच्या दुकानाची, नाडीची. आत तेच कागद: नोटरीसमोर केलेला साठेकरार (पुढे विक्री करण्याचा करार), जनरल पॉवर ऑफ अटर्नी (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारी ‘पॉवर’), पैसे मिळाल्याची पावती आणि कधीकधी मूळ मालकाचं मृत्युपत्रसुद्धा. हस्तांतराची फी वाचावी, परवानगीची कटकट नको, म्हणून त्या काळी लोकांनी हा मार्ग धरला. तेव्हा स्वस्तात पडला.

पण या कागदांनी मालकी येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ‘सूरज लॅम्प’च्या निकालात हे स्वच्छ सांगितलंय: साठेकरार, पॉवर आणि मृत्युपत्र एकत्र बांधली तरी ती विक्री होत नाही. लाइट बिल फक्त वीज कोण वापरतो ते सांगतं. आणि पॉवर देणारा वारला की सर्वसाधारणपणे पॉवरही संपते.

म्हणून काकांना पहिला प्रश्न विचारा, मूळ मालक हयात आहेत का? असतील तर त्यांना सिडकोच्या ऑफिसात आणायचं, हस्तांतराचा अर्ज करायचा, फी भरायची आणि काकांच्या नावावर नोंदणीकृत दस्त करायचा. नसतील तर त्यांचे सगळे वारस शोधायचे. ‘सगळे’ हा शब्द अधोरेखित करा. माझ्याकडच्या एका प्रकरणात मूळ मालक गावी जाऊन वारले होते. बायको आणि दोन मुलींनी मुकाट सह्या केल्या. मुलाने आजचा भाव विचारून घेतला आणि म्हणाला, “माझ्या वाट्याचं काय?” सहा महिने गेले, पैसेही गेले. गेले ते विकणाऱ्याचे, कारण घेणाऱ्या बाईंनी तोवर टोकनचे अकरा हजार सोडून एक पैसा दिला नव्हता. तुम्हीही तेच करा. ही सगळी धावपळ काकांनी, काकांच्या खर्चाने करायची, आणि हस्तांतराचा आदेश हातात पडल्यावरच तुमचा करारनामा. काका चांगले असतील हो, पण चांगुलपणाची नोंदणी होत नाही.

आता पट्टा. जमीन सिडकोची, तुम्हाला मिळतो तो मुदतीचा हक्क. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे पट्टेदाराला आपला हक्क दुसऱ्याला देता येतो, पण पट्ट्यातच वेगळी अट असेल तर ती अट चालते. सिडकोच्या पट्ट्यात पूर्वपरवानगीची अट असते, सिडकोची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) लागते ती त्यासाठीच. मुदत संपली की हक्क पट्टा देणाऱ्याकडे परत जातो, हे कायद्याचं कोरडं उत्तर. नूतनीकरण कोणत्या अटींवर, हे पट्ट्याच्या कलमांत आणि त्या वेळच्या सरकारी निर्णयात बघायचं. त्यामुळे पट्ट्याची प्रत मागा आणि सुरुवातीची तारीख वाचा. समजा १९८४ ची असेल, तर ६० वर्षं २०४४ ला भरतात. तुमचं कर्ज वीस वर्षांचं असेल तर ते पट्ट्याच्या पुढे जातं. बँकेचा वकील हे बोट ठेवून दाखवणारच. त्याच्या आधी तुम्ही मोजा.

पुण्यातला रीसेल फ्लॅट घ्यायचाय. विकणारा मुलगा वडिलांच्या पश्चात नॉमिनी, शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर झालंय. आई नाही, बहीण अमेरिकेत. तिची सही लागेल?
– एक वाचिका, कोथरूड

लागेल. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा, एवढंच नामनिर्देशनाने ठरतं. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीचा वाटा मुलाइतकाच, मग ती बोस्टनला असो की बारामतीला. (आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात असतील तर त्यांचाही वाटा असतो. हे विचारायला लोक हमखास विसरतात.) बहिणीने भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं किंवा विक्रीच्या दस्तात स्वतः सही करावी. यायला जमत नसेल तर तिकडच्या भारतीय वकिलातीत पॉवर साक्षांकित करून पाठवावी. ती भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. ही पॉवर चालते, कारण बहीण हयात आहे आणि सही नोंदणीकृत दस्तावर होणार आहे. नेरूळच्या पॉवरशी तिची गल्लत करू नका. “ताईचं काही म्हणणं नाही” हे भावाचं वाक्य मात्र दस्त म्हणून धरू नका.

बिल्डर २० टक्के भरल्याशिवाय करारनामा करायला तयार नाही. महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर आहे, म्हणजे निर्धास्त ना?
– एक वाचक, कल्याण

रेरा कायद्याचं, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याचं, कलम १३ त्याला दाखवा. १० टक्क्यांवर रक्कम घ्यायची तर आधी नोंदणीकृत करारनामा हवाच. ‘बुकिंग फॉर्म’ म्हणजे करारनामा नव्हे. नंबरचं म्हणाल तर तुमच्याच कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे नंबर मिळवल्याचं उघड झालं होतं. तेव्हा बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन पडताळा.

सोसायटी फ्लॅट नावावर करायला एक लाख ‘स्वेच्छा देणगी’ मागते. द्यावी लागेल?
– एक वाचक, ठाणे

नाही. महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) जास्तीत जास्त २५,००० रुपये, हे राज्य सरकारने २००१ सालीच ठरवून दिलंय. प्रवेश फी आणि हस्तांतर फी वेगळी, पण ती शंभर-पाचशेच्या घरातली. मागणी लेखी द्या म्हणून पत्र टाका, पोच घ्या. तरी अडून बसले तर पत्राची प्रत जोडून सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अर्ज करा.