उत्तर: नवीन बॅटरी टाकली तरी दोन महिन्यात परत बसली

दादा, कॉईल बदलायला एवढ्यात हो म्हणू नका. तुम्ही लिहिलंय की बीएस-६ (नवीन प्रदूषण नियमांची) दुचाकी आहे, वर्षभरात दोन बॅटऱ्या झाल्या, सकाळी सेल्फ मारला की नुसतं कटकट, सिग्नलला हॉर्न वाजवला की मीटर रिसेट होतो, आणि आता सर्व्हिस सेंटरवाले म्हणतायत की चार्जिंग कॉईल (इंजिन फिरताना वीज तयार करते ती) गेली, मॅग्नेट साईड (इंजिनची, ती कॉईल बसते ती बाजू) खोलावी लागेल. मी हे सगळं भोगलंय, जवळजवळ याच क्रमाने, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मेकॅनिक नाही, आणि गाडीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, तर तुमच्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर माझ्यापेक्षा त्याचं ऐका.

टर्मिनल टाईट आहेत, फ्यूज बघितलाय हे धरून चालतो.

बॅटरी बसली म्हणजे बॅटरीच खराब, इथूनच सगळा घोळ सुरू होतो. एक तर तिला पुरेसं चार्जिंग मिळत नाहीये, नाहीतर जास्त मिळतंय, नाहीतर गाडी बंद असताना कोणीतरी करंट खातंय. अगदीच बॅटरीत बनावटीचा दोष असेल तर गोष्ट वेगळी, पण दोन बॅटऱ्या ओळीने सदोष निघणं अवघड आहे. नवीन बॅटरीने दुखणं जात नाही, दोन महिने झाकलं जातं.

माझ्या बाबतीत सर्वात जास्त पैसा आणि वेळ खाल्ला तो एका सर्व्हिस सेंटरने, नाव घेत नाही. गाडी सकाळी द्यायची, ते थंड इंजिनवर व्होल्ट मोजायचा मीटर लावणार, १४ व्होल्ट दिसले की जॉबकार्डवर 'चार्जिंग ओके' आणि बॅटरी बदला. मी काउंटरवर प्रत्येक वेळी सांगत होतो की अर्धा तास ट्रॅफिकमध्ये चालवल्यावर प्रॉब्लेम येतो, गरम झाल्यावर बघा, पण काउंटरवरचा माणूस वेगळा, गाडी खोलणारा वेगळा, आणि मी बोललेलं जॉबकार्डवर उतरतच नव्हतं. मग बॅटरी वॉरंटीत आहे म्हणून डीलरकडे गेलो तर तो म्हणाला बॅटरी डीप डिस्चार्ज (पार रिकामी) झालीय, गाडीच्या चार्जिंगचा दोष आहे, वॉरंटीत बसत नाही, सर्व्हिस सेंटरचं पत्र आणा. सर्व्हिस सेंटर म्हणे आमचं चार्जिंग ओके आहे, पत्र कसलं देऊ. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि बिल आपण भरतो. चीड अजून जात नाही, कारण मीटर त्यांच्या हातात होता, वीस मिनिटं इंजिन गरम करून परत लावायचा एवढंच काम होतं.

म्हणून माझं ठाम मत, आकडा लिहून घ्या. 'ओके' हा आकडा नाही. गरम इंजिन, हेडलाईट चालू, आयडलला (रेस न देता) किती आणि ४०००-५००० आरपीएमला किती, दोन्ही जॉबकार्डवर. देत नसतील तर स्वतः मोजा. साधा डिजिटल मल्टिमीटर लागतो, पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत स्वस्तात मिळेल, एका बॅटरीच्या पैशात असे कितीतरी येतील. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ ते १२.८ हवेत, १२.४ म्हणजे उतरायला लागली, १२ च्या आसपास म्हणजे संपत आली. चालू करून रेस दिल्यावर साधारण १३.८ ते १४.५. आयडलला १३ च्या आसपास असेल तर लगेच घाबरू नका, १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाईट कायम चालू ठेवणं सक्तीचं झालं, तो लोड सिग्नलला पण असतोच. पण रेस देऊनही १३ च्या वर जात नसेल तर चार्जिंगमध्ये गडबड नक्की. आणि १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (कॉईलची वीज बॅटरीला योग्य व्होल्टवर देणारा भाग) गेलाय, अशी गाडी चालवू नका, बॅटरी तर फुगेलच, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पण जाऊ शकतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. कॉईलकडून रेग्युलेटरकडे तीन वायरी येतात, बहुतेक गाड्यांत पिवळ्या, आणि मध्ये एक कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) असतो, टाकीखाली किंवा साईड पॅनलच्या आत. तो काढून बघा. प्लॅस्टिक तपकिरी पडलंय, एखादी पिन काळी झालीय, वायरीचं इन्सुलेशन कडक झालंय, तर तुमचा चोर तिथेच बसलाय. माझ्या गाडीत एकच पिन जळाली होती. थंड असताना ती पकड धरायची, गरम झाली की सोडायची, तीनातला एक फेज (एका वायरीची वाट) गेला की चार्जिंग पडायचं. पाणी गेलं, कार्बन चढला, पिन सैल झाली की तिथे रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्स वाढला की उष्णता, उष्णतेने पिन अजून सैल. गणित करून बघा, १५ अँपिअरच्या वाटेत फक्त ०.२ ओहम आला तर ३ व्होल्ट तिथेच गेले आणि ४५ वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत तयार झाली. प्लॅस्टिक वितळणारच. सर्व्हिस सेंटरमध्ये हा कपलर कोणी उघडून बघितलाच नव्हता. तो बघितला एका साध्या ऑटो इलेक्ट्रिशियनने, रस्त्याकडेच्या टपरीत, आणि गाडी गरम असतानाच बघितला.

असंच रेग्युलेटरकडून बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीचं. गाडी चालू, रेस दिलेली, मीटरचं एक टोक रेग्युलेटरच्या आउटपुट पॉझिटिव्हला आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हला. ०.३ च्या वर दिसलं तर मधे कुठेतरी व्होल्ट गळतायत. अर्थच्या (निगेटिव्ह) बाजूने पण हेच करा, चासीवरचा अर्थचा बोल्ट गंजलेला असणं आपल्याकडे, त्यातून कोकणात, नेहमीचं आहे.

कपलर चांगला निघाला तरच कॉईल. गाडी बंद करून कपलर सोडा, कुठल्याही दोन पिवळ्यांमध्ये रेझिस्टन्स बघा, बहुतेक १ ओहमच्या आतबाहेर, तिन्ही जोड्यांत सारखा हवा (मीटरच्या वायरींचा स्वतःचा वजा करायला विसरू नका). पिवळी ते इंजिन बॉडी काहीच दाखवायला नको, दाखवलं तर कॉईल शॉर्ट. मग कपलर सुटा ठेवूनच गाडी चालू करून मीटरच्या एसी व्होल्ट रेंजवर तिन्ही जोड्या, रेस देऊ तसे वाढून ५०-६० व्होल्टपर्यंत जातात. त्याहीपेक्षा तिन्ही सारखे असणं महत्त्वाचं. हात लावू नका, झटका बसतो, आणि हे करताना गाडी नुसत्या बॅटरीवर चालत असते म्हणून पटकन उरका. एवढ्यात कॉईल पास झाली आणि वायरिंग पण नीट, तर उरला रेग्युलेटर. या क्रमाने गेलात तर मॅग्नेट साईड विनाकारण खोलावी लागत नाही, आणि एकदा ऑईल काढून गॅस्केट फाडलं की ते पैसे परत येत नाहीत.

पिन बदलताना नवीन कपलर टाकून नीट क्रिंप करून (पिन वायरीवर दाबून घट्ट बसवून) घ्या. बरेच जण कपलर कापून वायरी पिळून टेप मारतात, पुढच्या पावसाळ्यात परत तेच. पिळून डाग (सोल्डर) मारला तरी चालतो पण मग रेग्युलेटर काढायची वेळ आली की कापावं लागतं, मला स्वतःला पटत नाही.

चालू गाडीत बॅटरीची वायर काढून 'बघा, बंद पडत नाही, चार्जिंग चांगलंय' असं दाखवणारा मिस्त्री भेटला तर चावी काढून घ्या. जुन्या गाडीत चालून जायचं, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं, ईसीयूचं बिल बॅटरीच्या कितीतरी पट.

जीपीएस ट्रॅकर, अलार्म, मोबाईल चार्जर काही बाहेरून लावलंय का ते तुम्ही लिहिलं नाहीये. असेल तर चावी बंद करून निगेटिव्ह वायर काढा आणि मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर मधे लावा. काही मिलीअँपिअर चालतात, दहा-वीसच्या वर गेलं तर दहा दिवस उभ्या गाडीची बॅटरी बसायला तेवढं पुरे. मीटर तसा लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

सेंटर लेखी द्यायला तयारच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत. फक्त जॉबकार्ड, बॅटरीची बिलं सगळं जपून ठेवा. बदललेला पार्ट परत मागा, तुमच्या पैशाचा आहे.

आणि मोजायच्या आधी आत्ताची बॅटरी हळू चार्ज करून घ्या, ९ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) असेल तर ०.९ अँपिअरने, कारच्या गॅरेजमधल्या मोठ्या चार्जरवर तासाभरात नको, सीलबंद बॅटरी त्याने मरते. अर्धवट बॅटरीवर घेतलेले आकडे फसवतात. पूर्ण चार्ज झाल्यावर थंड आणि गरम दोन्हीचे आकडे आणि त्या कपलरचा फोटो इथे टाका, मग कॉईलचं ठरवू.