वाचक विचारतात: किर्तनात ज्यूंची गोष्ट, आणि हसवायचं पण?

प्रश्न: आमच्या सोसायटीत सगळ्या धर्मांची माणसं मिळून गोष्टींचा प्रोग्रॅम करतोय. शेजारच्या बेने इस्रायली (म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू) आजी म्हणाल्या, आमच्यात मराठी किर्तन असायचं. खरंच का? आणि धार्मिक गोष्टीत विनोद केला तर कुणाला राग नाही ना येणार?

उत्तर: ताई, अगदी खरंय! १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकरांनी हे सुरू केलं, अब्राहाम, योसेफ यांच्या कथा मराठी पदांत बांधून आपल्या हरिदासी किर्तनाच्या चालीवर, म्हणजे बघा, कोकणातल्या या लोकांना शेजाऱ्यांचा बाज इतका आवडला की त्यांनी तो मनापासून आपलासा केला, मला तर हे वाचून फार भारी वाटलेलं.

विनोदाचं म्हणाल तर पुरीम हा ज्यूंचा सण घ्या. ज्यूंना मारायला निघालेल्या गर्विष्ठ दरबारी हामानपासून त्यांना वाचवणाऱ्या एस्तेर राणीची गोष्ट सिनॅगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, वाचतात आणि दुष्ट हामानचं नाव आलं की पोरं खुळखुळे वाजवून, पाय आपटून ते नाव ऐकूच येऊ देत नाहीत. बेने इस्रायलींत पुरीमला होळीचा सण म्हणायचे, म्हणून तुमच्याकडे हीच गोष्ट घ्या, सगळ्यांना लगेच कळेल. हसायचं ते हामानच्या गर्वावर, कुणाच्या प्रार्थनेवर, टोपीवर किंवा बोलण्याच्या ढंगावर नाही. आणि हो, गोष्ट आजींनाच सांगू द्या, त्यांच्या मराठीत, माईक तेवढा नीट लावा, आणि शेवटी पोरांना विचारा की कोणाला खुळखुळा वाजवायचाय.