गावच्या घरची जुनी चूल बदलायला सरकारी अनुदान मिळतं का? की सरळ गॅसच घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की आई गावी अजून मातीच्या चुलीवर स्वयंपाक करतात, धुरानं खोकला आणि डोळ्यांचा त्रास वाढलाय. घरी दोन म्हशी आणि एक गाय आहे, आणि कमी धुराच्या चुलीसाठी सरकार काही देतं का, हे तुम्हाला हवंय.

लाकडावर चालणाऱ्या सुधारित चुलीसाठी आज कुणालाही सहज मिळेल असं सरकारी अनुदान नाही. गॅससाठी आहे, गोबरगॅससाठी आहे. पण नुसतं कुठलं अनुदान मिळतं एवढंच बघून ठरवू नका. बचत गटांच्या कामानिमित्त माझं खेड्यापाड्यांतल्या घरांत जाणं-येणं असतं. फुकटात आलेली शेगडी फळीवर झाकून ठेवलेली आणि खाली तीच जुनी चूल पेटलेली, हे मी पुष्कळ घरांत बघते. वस्तू घरात आणायला सरकारनं मदत केली, पण पुढे दर महिन्याला ती चालवायची कशी हा प्रश्न त्या बाईवरच राहिला.

निर्धूर चुलीचंही असंच झालं. १९८० च्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तो २००२ पर्यंत चालला. चुलीची निम्मी किंवा त्याहून जास्त किंमत सरकार भरायचं. आपल्याकडे ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं त्यात चांगलं काम केलं. दोन भांड्यांची, धुरांडं असलेली ‘लक्ष्मी’ चूल त्यांचीच. चूल उत्तम होती, पण धुरांड्यात काजळी साचते आणि ते वरचेवर साफ करावं लागतं. काजळीनं नळी तुंबली की धूर वर जायचा थांबतो, चुलीच्या तोंडातून परत घरात येतो, आणि मग बाई वैतागून नळीच काढून टाकते. बसवण्याचे पैसे मंजूर झाले, पण साफसफाईची आणि दुरुस्तीची सोय कुणी मनावर घेतली नाही. रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी ओडिशात बरीच वर्षं अशा चुलींचा पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला, पण पुढे चुलींची निगा राहिली नाही, वापर घटला आणि तो फरक उरला नाही. २०१४ मध्ये ‘उन्नत चूल्हा अभियान’ आलं, २७.५ लाख चुलींचं उद्दिष्ट घेऊन. ते त्याच्या जवळपासही पोचलं नाही.

सध्या काही खासगी कंपन्या कार्बन क्रेडिटच्या (प्रदूषण कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांच्या) हिशोबावर गावांत धातूच्या चुली फुकट किंवा नाममात्र पैशात वाटतात. तुमच्या गावात आल्या तर घ्यायला हरकत नाही. फक्त सही करण्याआधी कागद वाचा, आणि चुलीचा आतला भाग जळून गेला तर बदलून कोण देणार हे नक्की विचारा.

आता गॅस. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियातून उज्ज्वला योजना, म्हणजे गरीब घरातल्या बायकांना गॅस कनेक्शन देणारी केंद्राची योजना, सुरू झाली. सुरुवातीला कनेक्शनमागे १,६०० रुपये सरकार भरायचं, पण शेगडी आणि पहिली टाकी बहुतेकींनी हप्त्यावर घेतली होती. ऑगस्ट २०२१ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात शेगडी आणि पहिली टाकीही मोफत झाली. कनेक्शन बाईच्याच नावावर मिळतं, आणि त्या घरात आधी कुणाच्या नावे गॅस नसावा ही मुख्य अट. तुमच्या पत्त्यावर, तुमच्या नावे कनेक्शन असेल आणि रेशनकार्ड एकच असेल, तर अर्ज तिथेच अडकेल. आईंचं रेशनकार्ड वेगळं आहे का ते आधी बघा. आधार, रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन जवळच्या गॅस एजन्सीत अर्ज देता येतो, इंडेन, भारत गॅस, एचपी कुठलीही चालेल.

खरी मेख टाकी भरण्यात आहे. उज्ज्वलाच्या घरांत वर्षाला सरासरी किती टाक्या लागल्या बघा: २०१९-२० मध्ये ३ च्या आसपास, २०२४-२५ मध्ये साडेचारच्या आसपास. चार-पाच माणसांच्या घराला सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर सात-आठ तरी लागतात. म्हणजे बाकीचं अन्न अजूनही सरपणावर शिजतंय. म्हणूनच पुढे टाकीवर अनुदान आलं. मे २०२२ पासून २०० रुपये, ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये. २०२५-२६ साठी ते वर्षाला ९ टाक्यांपर्यंत ठरलं, त्याआधी १२ होत्या. महाराष्ट्रात २०२४ पासून ‘मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना’ही आहे: उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीणच्या पात्र बायकांना वर्षाला ३ टाक्या मोफत, एका महिन्यात एकच. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे सरकार वस्तूसोबत वापरालाही पैसे देतंय.

अडचण एवढीच की टाकी दारात आल्यावर पूर्ण पैसे आधी मोजावे लागतात, अनुदान मागाहून खात्यात येतं. ज्या घरात रोख पैसा दूध डेअरीच्या पगारालाच दिसतो, तिथे टाकी संपली की पुढचा पगार होईपर्यंत चूल पेटते. तुम्ही शहरात कमावता, तर आईंच्या नावानं टाकी नोंदवायची आणि पैसे भरायचे हे काम तुमच्याकडे घ्या. या योजनेत तुम्ही घालू शकाल अशी सगळ्यात मोठी भर हीच. एजन्सीचं गोदाम लांब असेल आणि मोठी टाकी वाहून आणणं जड जात असेल, तर १४.२ किलोऐवजी ५ किलोच्या टाकीची सोय उज्ज्वलात आहे. आधार बँकेला जोडलेलं आणि ई-केवायसी झालेली आहे ना, हे आधी तपासा. नाहीतर अनुदान अडकून पडतं.

तुमच्याकडे तीन जनावरं आहेत म्हणून मी गोबरगॅसचाही आग्रह धरीन. एक घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण २५ किलो शेण लागतं, तेवढं तुमच्या गोठ्यात मिळेल, आणि तीन-चार माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. जनावरं दिवसभर रानात चरत असतील तर शेण तिकडेच पडतं, तेव्हा बांधून असतात का ते बघा. केंद्राच्या बायोगॅस कार्यक्रमात २०२१ ते मार्च २०२६ या टप्प्यासाठी आकारानुसार ९,८०० ते ७०,४०० रुपये अनुदान ठरवलेलं होतं. अर्ज पंचायत समितीच्या कृषी विभागात करायचा आणि आज लागू असलेला दरही तिथेच विचारायचा. थंडीत गॅस कमी बनतो, म्हणून टाकी जोडीला हवीच. शेणाची पातळ रबडी शेताला जाते, ते खत वेगळंच.

एक गोष्ट मात्र कुठल्याच योजनेच्या कागदात नसते, ती म्हणजे अंघोळीचं पाणी. सकाळी सगळ्यात आधी पेटतो तो पाण्याचा जाळ, आणि गॅस आलेल्या घरांतही तो तसाच राहतो. टाकीवर घरभराचं पाणी तापवणं कुणाला परवडणार? ही चूल बहुधा मागच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या दाराला लागून असते. तुराट्या, पालापाचोळा, कधी ओलं लाकूड, जे हाताला लागेल ते त्यात जातं, आणि सगळा धूर दारातून आत. शेगडी निळी पेटलेली असते आणि खोलीत धूर भरलेला असतो. तेव्हा आईंना गॅस घेऊन द्याल त्याच वेळी पाण्यासाठी बंब घ्या. त्यात जाळ मधल्या नळीत आणि पाणी भोवती असल्यानं जळण कमी लागतं. बंब स्वयंपाकघराच्या दारापासून लांब, वारा घरावर येणार नाही अशा बाजूला ठेवा, आणि वाळलेलं सरपण पावसाआधी झाकून ठेवायची व्यवस्था करा. याला अनुदान नाही, खर्च तुमचाच.

भाकरीचं आईंवर सोडा. निखाऱ्यावर भाकरी फुगते तशी गॅसवर फुगत नाही, असं त्या म्हणतील आणि ते खरंच आहे. भाकरीपुरती चूल त्यांना ठेवू दे, दार-खिडकी उघडी ठेवून. सकाळचा चहा, डाळ-भात, भाजी, दूध तापवणं एवढं गॅसवर गेलं तरी त्यांचे धुरातले कितीतरी तास कमी होतील. खोकला जुना असेल तर योजनेची वाट न बघता या आठवड्यातच त्यांना डॉक्टरांकडे न्या.